प्रकाशाचा वेग फळ्यावर काढून दाखवा

बडोद्यात ज्या घरात बारावी सायन्सचं मूल आहे, तिथे परीक्षेच्या तोंडावर एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘विद्युतचुंबकीय लहरींचा धडा शेवटी ठेव, एका संध्याकाळी उरकतो.’ वर्गमित्र हे सांगतात, क्लासमधले सर सांगतात, हल्ली आईवडीलही सांगतात. फॅरडेच्या नियमाचीही हीच तऱ्हा. सूत्र पाठ कर, दिशा काढायचा हाताचा नियम पाठ कर, उदाहरणं सोडव आणि पुढे चल. हा सल्ला इतका मुरला आहे की त्याला विरोध करणाऱ्याला परीक्षेचं गांभीर्यच कळत नाही, असं धरून चालतात. मी वर्षानुवर्षं याच शहरात पदार्थविज्ञान शिकवत आलो आहे आणि मला हा सल्ला अत्यंत घातक वाटतो. शालेय पदार्थविज्ञानातली सर्वात मोठी गोष्ट तो मुलांच्या हातून काढून घेतो.

समोरची बाजू आधी पूर्ण मांडतो. एक : प्रवेशपरीक्षेत लहरींच्या धड्यावर एखाद-दुसरा प्रश्न येतो, तेव्हा त्यावर आठवडा घालवणं परवडत नाही. दोन : हे सगळं मॅक्सवेलच्या समीकरणांचं प्रकरण आहे, त्याला वरच्या पातळीचं कलनशास्त्र लागतं. मुलांना आत्ता निष्कर्ष सांगावेत, कारणं पदवीला कळतील. तीन : कारण हवंच असेल तर एक सोपी गोष्ट तयार आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र निर्माण करतं, बदलतं विद्युतक्षेत्र पुन्हा चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं आणि ही साखळी पुढे धावत राहते. चार : प्रयोगाला वेळ नसतो, व्हिडिओ दाखवला की भागतं. पाच : पुढे नोकरीत हे कोण विचारतो? डिझाइन सॉफ्टवेअर करून देतं.

यातला एकही मुद्दा तपासणीला टिकत नाही.

पहिला मुद्दा गुणांचा. पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तन, प्रत्यावर्ती विद्युतधारा आणि विद्युतचुंबकीय लहरी हे धडे पाठोपाठ येतात, कारण तिन्हींमध्ये नियम एकच आहे. स्थिर विद्युत, धारित्र, चुंबकत्व यांवर कित्येक महिने घालवायचे आणि या सगळ्यातून प्रकाश कसा निघतो ते मात्र एका संध्याकाळी वाचून टाकायचं, ही कुठली काटकसर? पानभर गणित सोडवून उत्तराची ओळ कोरी ठेवण्यासारखंच हे आहे. बरं, गुणांचाच विचार करायचा तरी हिशेब चुकतो. ‘प्रेरित धारा फ्लक्सला विरोध करते’ असं पाठ केलेलं मूल चुंबक कुंडलाकडे येत असताना दिशा बरोबर सांगतं आणि तोच चुंबक दूर नेला की चुकतं. विरोध फ्लक्सला, म्हणजे कुंडलातून आरपार जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राला नसतो, फ्लक्समधल्या बदलाला असतो. हा फरक पाठांतराने बसत नाही. चुंबक हातात धरून दोन्ही दिशांनी हलवला आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेलेला पाहिला की मिनिटभरात बसतो.

दुसरा मुद्दा सर्वात प्रतिष्ठित आणि सर्वात चुकीचा. म्हणे वरचं गणित आल्याशिवाय हे कळत नाही. मग ज्याच्या नावाचा हा नियम आहे त्याला तो कसा कळला? मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. त्याने पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि औपचारिक गणित तो कधीच शिकला नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचे वेढे घातले. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातलं. एका बाजूला बॅटरी जोडली आणि दुसऱ्या बाजूची तार चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडताना सूची हलली, तोडताना पुन्हा हलली आणि धारा संथ वाहत असताना ढिम्म राहिली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला त्याने नुसता दंडचुंबक कुंडलात आत-बाहेर करून हाच परिणाम मिळवला. बदल घडत असेल तेवढाच वेळ परिणाम दिसतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि बलरेषांच्या चित्रात मांडलं. त्या चित्राला समीकरणाचं रूप मॅक्सवेलने पुढे दिलं. नियम आधी दिसला, गणित नंतर आलं. आपण मात्र हा क्रम उलटा लावतो आणि मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही अशी तक्रार करतो.

लहरींसाठी तरी वरचं गणित लागतं का? तेही लागत नाही. हे मी इथेच दाखवतो आणि त्यासाठी आयताचं क्षेत्रफळ काढता येणं पुरेसं आहे.

सर्वात साधी लहर घ्या. तिची पुढची सीमा ठरावीक वेगाने सरकते आहे. सीमेच्या मागे सगळीकडे ठरावीक विद्युतक्षेत्र आहे, त्याची दिशा उभी. त्याला काटकोनात, आडव्या दिशेने, ठरावीक चुंबकीय क्षेत्र आहे. सीमेच्या पुढे अजून काहीच नाही. आता लहरीच्या वाटेत एक आयताकृती चौकट अशी उभी धरा की तिची मागची उभी बाजू लहरीच्या आत येईल, पुढची बाहेर राहील आणि चुंबकीय क्षेत्र चौकटीतून आरपार जाईल. विद्युतक्षेत्र फक्त मागच्या बाजूवर आहे, म्हणून चौकटीभोवतीचा एकूण विद्युतदाब म्हणजे विद्युतक्षेत्र गुणिले उंची. दर सेकंदाला लहर चौकटीचं किती नवं क्षेत्रफळ व्यापते? उंची गुणिले वेग. म्हणजे फ्लक्स वाढण्याचा दर झाला चुंबकीय क्षेत्र गुणिले उंची गुणिले वेग. फॅरडेचा नियम सांगतो की या दोन राशी सारख्या. दोन्हीकडची उंची छेदून जाते आणि उरतं ते असं : विद्युतक्षेत्र म्हणजे वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र.

आता तशीच दुसरी चौकट आडवी धरा, म्हणजे तिच्यातून विद्युतक्षेत्र आरपार जाईल. या वेळी अँपिअरच्या नियमात मॅक्सवेलने घातलेली भर वापरायची : बदलत्या विद्युत फ्लक्सभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. हिशेब अगदी पहिल्यासारखाच. उत्तर येतं : चुंबकीय क्षेत्र म्हणजे म्यू-शून्य गुणिले एप्सिलॉन-शून्य गुणिले वेग गुणिले विद्युतक्षेत्र. दोन्ही उत्तरं एकत्र केली की दोन्ही क्षेत्रं छेदून जातात आणि वेगाचा वर्ग म्हणजे एक भागिले म्यू-शून्य आणि एप्सिलॉन-शून्य यांचा गुणाकार, एवढंच उरतं. एप्सिलॉन-शून्य मुलांना धारित्राच्या धड्यात भेटलेला असतो, म्यू-शून्य तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या धड्यात. प्रकाशाशी दोघांचा काडीचाही संबंध आलेला नसतो. त्यांच्या किमती घालून वर्गमूळ काढलं की सेकंदाला ३ लाख किलोमीटर येतात.

हे फळ्यावर यायला एक तास पुरतो. मॅक्सवेलने १८६१-६२ मध्ये असाच हिशेब केला, तेव्हा त्याच्या हाती वेबर आणि कोलराउश यांनी केलेली शुद्ध विद्युत मोजमापं होती. त्यावरून वेग आला सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. फिझोने दातेरी चाक फिरवून प्रत्यक्ष प्रकाशाचा मोजलेला वेग होता सुमारे ३ लाख १५ हजार. या जवळिकीवरून मॅक्सवेलने प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर असल्याचा निष्कर्ष काढला. सतरा वर्षांच्या मुलाला हा निष्कर्ष स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हाताने काढता येतो. मग तो त्याला ‘लहरींचा वेग प्रकाशाइतका असतो’ अशा एका निर्जीव वाक्यात का द्यायचा? कलनशास्त्र येत नसल्याची सबब मुलाची नाही. ती शिकवणाऱ्याची आहे.

तिसरा मुद्दा साखळीच्या गोष्टीचा. ही गोष्ट पुस्तकांतून, क्लासच्या नोट्समधून आणि व्हिडिओंतून सगळीकडे पसरली आहे. सोपी आहे म्हणून तिला माफी द्यावी, असं मला वाटत नाही, कारण विचार करणारं मूल तिच्यामुळे हमखास अडकतं. बारावीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं होतं, “सर, पुस्तकातल्या चित्रात दोन्ही क्षेत्रं एकाच जागी कमाल होतात आणि एकाच जागी शून्य होतात. पण एकाच्या बदलण्यातून दुसरं तयार होत असेल, तर पहिलं सर्वात जोरात बदलत असताना दुसरं कमाल असायला हवं. आणि सर्वात जोरात बदल तर शून्यापाशी होतो. मग चित्र चुकलंय का?” प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. साखळीची गोष्ट खरी मानली तर चित्र चुकीचं ठरतं. चित्र मात्र बरोबर आहे. चुकीची आहे ती गोष्ट.

नियम काय सांगतो ते चौकटीवरच पाहू. लहर आता चढउताराची घ्या आणि चौकट अगदी अरुंद करा. चौकटीभोवतीचा विद्युतदाब ठरतो तिच्या मागच्या आणि पुढच्या बाजूंवरल्या विद्युतक्षेत्रांच्या फरकाने. विद्युतक्षेत्र कमाल असतं तिथे दोन्ही बाजूंवर ते जवळपास सारखंच असतं, फरक शून्य, म्हणजे त्या जागी चुंबकीय क्षेत्र त्या क्षणी बदलत नाही. न बदलण्याची ही वेळ त्याच्याही कमाल किमतीची. विद्युतक्षेत्र शून्यातून जातं तिथे दोन बाजूंमधला फरक सर्वात मोठा, तिथे चुंबकीय क्षेत्र सर्वात वेगाने बदलतं, म्हणजे तेही शून्यातून जात असतं. एका क्षेत्राचा काळानुसार होणारा बदल दुसऱ्या क्षेत्राच्या जागेनुसार होणाऱ्या बदलाशी बांधलेला आहे. म्हणून दोघं एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. पुढे धावणाऱ्या लहरीत ती पाव आवर्तनाने मागेपुढे असती, तर तिच्यातून वाहणाऱ्या ऊर्जेची सरासरी शून्य आली असती आणि भर उन्हात चौरस मीटरमागे सुमारे हजार वॅट आपल्यापर्यंत पोचलेच नसते. आणि ‘आधी हे, मग ते’ असा क्रम फॅरडेच्या नियमात कुठेही नाही. त्याच क्षणी, त्याच जागी दोन राशी सारख्या आहेत, एवढंच तो सांगतो. लहर सुरू होते ती वेग बदलणाऱ्या विद्युतभारातून. दोन्ही क्षेत्रं तिथूनच एकत्र निघतात. हे समजावून सांगायला त्या गोष्टीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतील. त्या दहा मिनिटांसाठी मुलांना चुकीचं शिकवायचं आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘एवढ्या खोलात जाऊ नकोस’ म्हणून खाली बसवायचं, हे शिक्षण कसं होईल?

चौथा मुद्दा वेळेचा. एक मीटर लांबीची जाड भिंतीची तांब्याची नळी घ्या आणि तिच्यात सैल बसेल असा निओडिमियमचा चुंबक वरून सोडा. मोकळ्या हवेत मीटरभर पडायला अर्ध्या सेकंदाहून कमी लागतं. नळीतून मात्र तो काही सेकंद रमतगमत खाली येतो. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून ती वाकून नळीत पाहतात, चुंबक पुन्हा पुन्हा टाकतात आणि ‘याला अडवतंय कोण?’ हा प्रश्न आपणहून विचारतात. चुंबक पडताना नळीच्या भिंतीत फिरत्या धारा उठतात आणि त्या बदलाला विरोध करतात, हे त्यानंतर सांगितलेलं आयुष्यभर राहतं. लहरींचा प्रयोग तर त्याहून सोपा. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवा आणि थोड्या अंतरावर ठिणगी पाडणारा गॅस लायटर दाबा. रेडिओत कट्ट आवाज येतो. मध्ये तार नाही, काही नाही. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला ठिणगी पाडून आणि दूरच्या तारेच्या फटीत उमटलेली ठिणगी पाहून जे सिद्ध केलं, त्याचाच हा सख्खा भाऊ. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. तिथली साधनं त्यांनी स्वतः घडवलेली होती. ज्या देशात हे सव्वाशे वर्षांपूर्वी झालं, तिथल्या शाळेला आज एक नळी, एक चुंबक आणि एक लायटर जड व्हावा? व्हिडिओत चुंबक हळू पडताना दिसतो खरा, पण मुलाने स्वतः तो टाकलेला नसतो, आणि जे आपण केलं नाही त्याबद्दल प्रश्नही पडत नाही.

पाचवा मुद्दा उपयोगाचा. निदान बडोद्यात तरी हा मुद्दा कुणी काढू नये. मकरपुऱ्याची जीआयडीसी, मणेजा, सावली या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर आणि विजेची उपकरणं बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांच्या चाचण्यांची संस्था मकरपुऱ्यात आहे. राज्याच्या वीजवहन कंपनीचं मुख्यालय रेसकोर्सवर आहे. या शहरातली हजारो घरं फॅरडेच्या नियमावर जेवतात. फॅरडेचं ते लोखंडी कडं हा ट्रान्सफॉर्मरच होता. फरक इतकाच की आता कड्याच्या जागी सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा कोर असतो.

त्या कोरकडे जवळून पाहा. तो सलग लोखंडाचा का नसतो? स्टॅम्पिंगचे पातळ पत्रे, मध्ये इन्सुलेशन देऊन, एकावर एक का रचायचे? कारण कोर स्वतःच एक बंद वाहक आहे. बदलत्या फ्लक्सने त्याच्यातही धारा फिरतात आणि तो तापतो. पत्रे वेगळे केले की त्या धारांची वाट मोडते. नळीतल्या चुंबकाला अडवणाऱ्या ज्या धारा, त्याच इथे नकोशा झाल्या. आता वेढे मोजू. कोरचा छेद ३० चौरस सेंटिमीटर, फ्लक्सची कमाल घनता १.५ टेस्ला आणि वारंवारता ५० हर्ट्झ धरली, तर फॅरडेच्या नियमाने दर वेढ्याला जवळपास बरोबर एक व्होल्ट येतो. म्हणजे २३० व्होल्टसाठी सुमारे २३० वेढे. वाइंडिंग करणारा कारागीर बॉबिनवर ‘टर्न पर व्होल्ट’ धरून हाच हिशेब रोज करतो.

फक्त सूत्र पाठ केलेला इंजिनिअर मात्र इथे हमखास फसतो. लोड वाढला की कोरमधला फ्लक्स वाढतो, असं तो सांगतो. फ्लक्स ठरतो तो दिलेल्या व्होल्टेजने आणि वारंवारतेने. लोडची धारा जेवढा चुंबकीय जोर उभा करते तेवढाच प्राथमिक वेटोळ्याची वाढलेली धारा खोडून काढते. हे कळलं की बाकीचं उलगडतं. ट्रान्सफॉर्मरला डीसी दिली तर तो जळतो, कारण फ्लक्स बदलतच नाही, विरुद्ध दाब उभा राहत नाही आणि धारेला अडवायला वेटोळ्याचा तुटपुंजा रोध तेवढा उरतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं ६० हर्ट्झचं उपकरण व्होल्टेज उतरवून लावलं तरी इथल्या ५० हर्ट्झवर गरम होतं, कारण तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स २० टक्के जास्त लागतो आणि कोर संपृक्त होऊ लागतो. ही उत्तरं सॉफ्टवेअर देत असेलही. पण त्याला काय विचारायचं आणि त्याने दिलेलं उत्तर चूक असेल तर ते कसं ओळखायचं, हे कोण सांगणार?

आणि हाच नियम लहरींपर्यंत जातो. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची तरंगलांबी ६,००० किलोमीटर आहे, काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराच्या जवळपास दुप्पट. म्हणून शहरातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी लहरीचा विचार करावा लागत नाही. वाय-फायची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तिथे तो केल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कुठे कुठला विचार करायचा, हे तीन धडे तीन दिवशी पाठ करून कळत नाही. एकत्र शिकवले तरच कळतं.

‘हे वरच्या शिक्षणासाठी राखून ठेवा’ ही वृत्ती या शहरात शोभत नाही, याला आणखी एक कारण आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात इथे कलाभवन सुरू झालं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. कारागिराच्या हाताला शास्त्राचं ज्ञान मिळावं आणि ते त्याला समजणाऱ्या देशी भाषेत मिळावं, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. १९०६ मध्ये बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. कारणं मूठभरांना आणि निष्कर्ष बाकीच्यांना, ही वाटणी त्या लोकांनी मोडून काढायला घेतली होती. कलाभवनाच्या इमारतीत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. तिथे पोचणाऱ्या मुलाला फॅरडेचा नियम चार अक्षरांचं सूत्र म्हणून माहीत असावा आणि प्रकाश कुठून आला याचा पत्ताही नसावा, ही आपण स्वतः निवडलेली अधोगती आहे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. कुंडल, चुंबक आणि गॅल्व्हानोमीटर मुलाच्या हातात पडल्याशिवाय फॅरडेचं सूत्र फळ्यावर लिहू नका. साखळीची गोष्ट बंद करा, चौकट काढा आणि दोन्ही क्षेत्रं एकत्र का चढतात ते दाखवा. प्रवर्तन, ट्रान्सफॉर्मर आणि लहरी हे एकाच नियमाचे तीन टप्पे म्हणून सलग शिकवा. आणि वर्षातून एक तास असा राखून ठेवा की ज्यात प्रत्येक विद्यार्थी म्यू-शून्य आणि एप्सिलॉन-शून्य यांच्या किमती घेऊन स्वतः प्रकाशाचा वेग काढेल. परीक्षेत त्यावर प्रश्न येवो न येवो. माणसाने निसर्गाबद्दल काढलेल्या सर्वात मोठ्या निष्कर्षांपैकी हा एक आहे, तो बारावीच्या गणितात बसतो आणि तो मुलांपासून लपवून ठेवायचा अधिकार कुठल्याही शिक्षकाला, क्लासला किंवा पालकाला नाही.